घराच्या गच्चीवरून सौरज्वाला कशा टिपायच्या?

सूर्यावर ज्वाला उसळली की तिचे क्ष-किरण सुमारे आठ मिनिटांत इथे पोहोचतात आणि वातावरणाच्या ६० ते ९० किमी उंचीवरच्या डी थरातलं आयनीभवन, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटणं, वाढवतात. पाणबुड्यांशी संपर्कासाठीच्या व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारतेच्या) रेडिओलहरी जमीन आणि हाच थर यांच्या मधल्या पोकळीतून जातात. त्यांची तीव्रता मोजत राहिलं की थरात काय घडतंय ते कळतं.

पुण्याहून अशा लहरी सोडणारी दोन केंद्रं धरा. तमिळनाडूतलं विजयनारायणम १८.२ किलोहर्ट्झवर, सुमारे १,२०० किमी लांब, दक्षिणेपासून २० अंश पूर्वेकडे. दुसरं ऑस्ट्रेलियातलं एनडब्ल्यूसी, १९.८ किलोहर्ट्झ, आग्नेयेला. पहिलं अधूनमधून बंद असतं, म्हणून दोन्ही नोंदवा.

अँटेनासाठी १ मीटर बाजूची लाकडी चौकट आणि ०.५ मिमी एनॅमल तारेचे ३० वेढे, म्हणजे १२० मीटर तार. मल्टिमीटरवर १०-११ ओहम यायला हवेत. काहीच आलं नाही तर टोकांचं एनॅमल नीट खरवडलेलं नाही किंवा तार तुटली आहे. चौकट उभी ठेवून तिची कड केंद्राच्या दिशेने करा. ९० अंशांत फिरवल्यावर संकेत जवळजवळ नाहीसा झाला, तर तो खरा.

पुढे संकेत सुमारे १०० पट वाढवणारा ऑप-अँप (वर्धक चिप), बॅटरीवर. साउंड कार्डच्या माइक इनपुटला स्वतःचं डीसी व्होल्टेज असतं, म्हणून १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ओळीत जोडा. सॅम्पलिंग (साउंड कार्ड सेकंदाला किती वेळा मोजतं ते) किमान ४८ किलोहर्ट्झ ठेवा. संगणकातलं नॉइज सप्रेशन आणि ऑटोमॅटिक गेन बंद करा; ते चालू राहिले तर सगळी नोंद निरुपयोगी. दर ५ सेकंदांना एक आकडा नोंदवा. पावसाळ्यात विजांचे टोकदार ठोके येतात, तेव्हा सरासरीऐवजी मध्यक घ्या.

गोंगाटाचा मोठा स्रोत घरातच असतो: एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर. अँटेना त्यांच्यापासून जितकी लांब नेता येईल तितकी न्या. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळासुद्धा मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून अलिबागला हलवली गेली होती.

आलेख वाचताना घाई नको. ज्वाला काही मिनिटांत चढते आणि अर्धा-एक तास हळूहळू उतरते. आकार माशाच्या परासारखा. पण कधी तो उलटा, खाली खचलेला दिसतो. तो बिघाड नाही: परावर्तनाची उंची बदलल्यामुळे वेगवेगळ्या मार्गांनी आलेल्या लहरी एकमेकींना काही अंशी रद्द करतात. क्षणात सरळ तळाला गेलेली रेघ म्हणजे केंद्र बंद. सूर्योदय-सूर्यास्ताचे खड्डे रोजचेच, आणि रात्री ज्वाला दिसत नाही.

पडताळणी अमेरिकेच्या गोज (GOES) हवामान उपग्रहाच्या क्ष-किरण आलेखाशी करा. त्यातली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, त्यामुळे साडेपाच तास मिळवायला विसरू नका. १० मे २०२४ची एक्स वर्गाची (सर्वांत तीव्र गटातली) ज्वाला ०६:५४ यूटीसीला, म्हणजे आपल्याकडे दुपारी १२:२४ला शिगेला होती. तुमच्या नोंदीतलं शिखर उपग्रहाच्या शिखरानंतर थोड्या मिनिटांनी येईल. डी थराला क्ष-किरणांमागे जायला तेवढा वेळ लागतोच.