पाइप न टेकवता दोन कॅनवर विरुद्ध प्रभार कसे आणावेत

घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हे शाळेत सगळ्यांनी पाहिलेले असते. त्याहून सुंदर प्रयोग सहसा पुस्तकातल्या आकृतीतच राहतो: प्रभारित वस्तू न टेकवता धातूतले धन आणि ऋण प्रभार वेगळे करायचे आणि ते वेगळेच ठेवायचे. लंडनमधले शाळामास्तर जॉन कँटन यांनी १७५३ च्या सुमारास या परिणामाचा अभ्यास केला. यालाच स्थिर विद्युत प्रवर्तन म्हणतात. घरच्या सामानात तो नक्की जमतो.

शीतपेयाचे दोन रिकामे ॲल्युमिनियमचे कॅन, प्लॅस्टिकचे दोन ग्लास, अर्धा मीटर पीव्हीसी पाइप आणि लोकरी मफलर घ्या. सगळे खडखडीत कोरडे हवे. दमट हवेत प्लॅस्टिकवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार त्यावरून निसटतो. म्हणून पावसाळ्यात कोकणात हा प्रयोग करायला बसू नका. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी दुपार उत्तम.

आधी विद्युतदर्शी, म्हणजे प्रभार ओळखायचे साधन, बनवा. जॅमच्या काचेच्या बाटलीच्या प्लॅस्टिकच्या झाकणातून उघडी तांब्याची तार आत सोडा. तिच्या खालच्या आकड्यात पोळ्या गुंडाळायच्या फॉइलच्या दोन अरुंद पट्ट्या शेजारी-शेजारी लटकवा, वरच्या टोकाला फॉइलचा गोळा बसवा. तारेवर प्रभार आला की पट्ट्या एकमेकींपासून फाकतात.

आता ग्लास उलटे ठेवून प्रत्येकावर एक कॅन दुहेरी चिकटपट्टीने बसवा. कॅन एकमेकांना टेकलेले असू द्या आणि बोट लावून त्यांवरचा उरलासुरला प्रभार काढून टाका. लोकरीवर पाइप जोरात घासा. त्यावर ऋण प्रभार येतो. तो डाव्या कॅनच्या बाहेरच्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटरवर धरा. टेकवू नका, ठिणगीही उडू देऊ नका.

या क्षणी दोन्ही कॅन मिळून एकच वाहक आहे. पाइपवरचा ऋण प्रभार धातूतल्या मुक्त इलेक्ट्रॉनांना दूर लोटतो, ते उजव्या कॅनकडे सरकतात आणि डाव्या कॅनवर त्यांची उणीव पडते. सरकतात ते फक्त इलेक्ट्रॉन; धन आयन जागच्या जागी असतात. ही सरकासरकी फार चालत नाही. जमा झालेल्या प्रभारांचे क्षेत्र धातूच्या आत पाइपच्या क्षेत्राला पुरते छेद देते, तेव्हा ती थांबते. हे सगळे डोळ्याचे पाते लवण्याच्या कितीतरी आधी घडून जाते.

पाइप तिथेच स्थिर ठेवून सोबत्याला उजवा कॅन दूर न्यायला सांगा, पण त्याने फक्त खालचा ग्लास धरावा. त्यानंतरच पाइप बाजूला करा. सगळा प्रयोग या क्रमावर उभा आहे. पाइप आधी काढला, तर इलेक्ट्रॉन तत्काळ परत फिरतात आणि हाती काहीच उरत नाही.

आता पडताळा, आणि इथे घाई नको. घासलेला पाइप गोळ्यावरून फिरवा, म्हणजे विद्युतदर्शी ऋण होतो. मग उजवा कॅन ग्लास धरून सावकाश जवळ आणा: पट्ट्या आणखी फाकतील, म्हणजे तो ऋण आहे. डावा आणला की पट्ट्या मिटू लागतात. पण एवढ्याने तो धन आहे असे म्हणता येत नाही, कारण प्रभार नसलेला कॅनही पट्ट्या थोड्या मिटवतो. खात्रीचा पुरावा एकच, पट्ट्या जास्त फाकणे.

म्हणून विद्युतदर्शी धन करा, तोही प्रवर्तनानेच. गोळ्याला बोट लावून त्यावरचा प्रभार जाऊ द्या. मग पाइप जवळ धरून गोळ्याला बोट लावा. इलेक्ट्रॉन बोटावाटे शरीरात निघून जातात. आधी बोट काढा, नंतर पाइप. आता डावा कॅन जवळ आणला की पट्ट्या आणखी फाकतात.

शेवटी ग्लास धरूनच दोन्ही कॅन पुन्हा एकमेकांना टेकवा आणि ती जोडी विद्युतदर्शीजवळ न्या. दोन्ही प्रभार विरुद्ध पण मापाने सारखेच होते, म्हणून एकमेकांना पुसून टाकतात. पट्ट्या आता कोऱ्या कॅनजवळ वागतात तशाच वागतील. पाइपने मात्र आपला प्रभार कॅनना दिलेलाच नसतो, त्यामुळे पुन्हा न घासताही त्याच पाइपने प्रयोग परत करता येतो. वेगळे झालेल्या प्रभारांची ऊर्जा पाइपमधून येत नाही; कॅन आणि पाइप एकमेकांपासून दूर करताना हातांनी जे कार्य केले, त्यातून ती येते. अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इलेक्ट्रोफोरस या उपकरणात एकदाच घासलेल्या तबकडीवरून पुन्हा पुन्हा प्रभार मिळे, तो याच तत्त्वावर.