तेराव्यानंतरचे दिवस कसे काढायचे

तेरावा उरकला की पाहुणे आपापल्या गावी जातात आणि घर एकदम रिकामं होतं. खरी कसोटी इथून पुढे.

आधी झोप सांभाळा. रात्री डोळा कधीही लागो, उठायची वेळ एकच ठेवा, समजा साडेसहा. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर तळमळत पडू नका. उठा, मंद दिव्यात मेथी निवडा, लसूण सोला; जांभया येऊ लागल्या की परत आडवे व्हा. दुपारची डुलकी अर्ध्या तासापुढे गेली की रात्र हातची गेलीच. झोपेसाठी म्हणून घेतलेली दारू तर पहाटे तीनला टक्क जागं करते.

जेवण जात नसेल तर भरलं ताट समोर नकोच. दर तीन तासांनी वाटीभर पेज किंवा मऊ भात-तूप पुरे.

कागदपत्रांचं दिवसाला एकच काम. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढा. बँक, विमा, पेन्शन, सगळीकडे लागतात.

कपाटातले कपडे मात्र लगेच वाटून टाकू नका. ‘बघून त्रास होतो’ म्हणत नातेवाईक घाई करतात, आणि नंतर एखाद्या सदऱ्यासाठी जीव तुटतो. गाठोडं बांधून माळ्यावर ठेवा.

सहा महिने उलटूनही रोजची कामं होत नसतील तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणंच नकोसं वाटू लागलं तर एक दिवसही थांबू नका: टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, मराठीतही, मोफत.