लिहिणं अडलंय की आटलंय? आधी एवढं बघा

दरवर्षी जुलै-ऑगस्ट आला की मला ओळखीतल्या लिहिणाऱ्या पोरापोरींचे फोन सुरू होतात. कुणाकडे दिवाळी अंकाने कथा मागितलेली असते, कुणाची पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेची एकांकिका अर्धी झालेली असते, तालमी तोंडावर आल्यात आणि शेवट काही केल्या बसत नाहीये, आणि सगळ्यांचं वाक्य एकच, "काही सुचतच नाहीये गं." मी आधी एकच विचारते, अडलंय की आटलंय? कारण ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोघांचे उपाय एकदम उलटे आहेत. अडलेल्याने सुट्टी घेतली की तो अजून अडतो, आणि आटलेल्याला "रोज टेबलावर बसायचंच" म्हणून दामटून बसवलं की उरलंसुरलंही जातं. मी दोन्ही चुका केल्यात आणि दोन्ही महागात पडल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो ना, तर आधी आडात वाकून बघायचं. कधी पाणी भरपूर असतं, पोहराच कपारीत अडकलेला असतो. कधी आडच कोरडा असतो आणि आपण नुसता दोर खेचत बसतो.

ओळखायचं असं: जे लिहायचंय ते जवळच्या कुणाला तरी तोंडी सांगून बघा. सांगताना आवाज चढला, हात हलायला लागले, "थांब थांब, त्याच्या आधीचं राहिलं" असं झालं, तर अडलंय, काळजी करू नका. पण सांगायचाच कंटाळा आला, दुसऱ्या कुणाचं चांगलं वाचलं तरी आत काहीच हललं नाही, उलट चिडचिड झाली, आठ तास झोपूनही सकाळी अंग जड, लॅपटॉप उघडायच्या विचारानेच पोटात गोळा, तर आटलंय. मग खालचं पहिलं सगळं सोडा आणि सरळ दुसऱ्या भागाकडे जा.

अडलं असेल तर

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की पेन जिथे थांबतं तिथे बहुतेक वेळा चूक नसते, ती दीड-दोन पानं मागे असते. कुठेतरी आपण पात्राला आपल्या सोयीने वागवलेलं असतं, तिने भांडायला हवं होतं तिथे तिला गप्प बसवलेलं असतं कारण पुढचा प्रसंग आपल्याला आणायचा होता, आणि आता ती पुढे चालायलाच तयार नाही. मागे जा, एकेका पॅरापाशी थांबून विचारा, ही खरंच असं वागली असती का? जिथे उत्तर देताना चाचरलात तिथून पुढचं कापून बाजूला ठेवा. तीन पानं गेली तरी जाऊ दे, तेरा वाचतात.

दुसरं कारण फार साधं असतं आणि म्हणूनच ध्यानात येत नाही, आपल्याला त्या गोष्टीतलं काही माहितीच नसतं. माझ्या एका कथेतला माणूस हमाल होता, त्याची सकाळ मला लिहिताच येईना, पंधरा दिवस मी स्वतःला कोसत होते की प्रतिभा संपली वगैरे. शेवटी एका पहाटे उठून मार्केट यार्डात गेले. कुणाशी फार बोलले नाही, नुसती एका कडेला उभी राहून बघत होते. एका काकांनी डोक्यावरची चुंबळ काढली, झटकली, परत पिळून गोल केली, डोक्यावर ठेवली, मग ओझं घ्यायच्या आधी तळहाताने ती एकदा दाबून बघितली, आपण उशी दाबतो तशी. बस. घरी येऊन अडीच पानं एका बैठकीत झाली. तेव्हा अडलं की स्वतःला शिव्या देण्याआधी विचारा, मी हे बघितलंय का, हात लावलाय का, कुणाला विचारलंय का.

तिसरा उपाय माझा सगळ्यात आवडता, बोलून टाका. एका कथेत आई गेलेली असते, भाऊ वैकुंठ स्मशानभूमीतून घरी येतो आणि घरात बहीण एकटी बसलेली असते. पहिलं वाक्य कुणी आणि काय बोलायचं? मी नऊ सुरुवाती लिहिल्या, नऊच्या नऊ नाटकी. मग एकदा डेक्कनवरून कोथरूड डेपोची बस पकडली, कर्वे रोडला बस नेहमीसारखी अडकली, आणि मी वैतागून मैत्रिणीला व्हॉइस नोट पाठवायला घेतली. "अगं तो येतो ना, तर काही बोलतच नाही, हातपाय धुतो आणि सरळ फ्रीज उघडतो, आणि आत ते पातेलं असतं, आईने काल रात्री विरजण लावलेलं, त्याचं आता दही झालंय..." आणि मी बोलायची थांबले. पुढे त्या दह्याचं काय करायचं एवढ्यावरच दोघं भांडतात, आई हा शब्दही कुणी काढत नाही, आणि सगळं त्यात येतं. घरी येऊन ती व्हॉइस नोट ऐकत ऐकत जशीच्या तशी उतरवून काढली, नंतर फक्त "अगं" आणि "ना" काढले. लिहायला बसलं की आपण साहित्यिक होतो, मैत्रिणीला सांगताना आपण फक्त सांगत असतो, म्हणून हे चालतं. आजकाल फोनमध्ये मराठी बोलून टाइपही होतं, चुका होतात पण खर्ड्याला काय फरक पडतो.

खर्ड्यावरून आठवलं, कोऱ्या छान वहीत पहिला खर्डा लिहू नका. अप्पा बळवंत चौकातून हौसेने आणलेल्या जाड कागदाच्या वह्या माझ्याकडे वर्षानुवर्षं पहिली दोन पानं लिहून पडून होत्या, कारण त्या कागदावर वाईट लिहायची हिंमतच होत नाही. पाठकोरे कागद वापरा. जुनी प्रिंटआउट, लाइट बिलं, लग्नाच्या पत्रिकांची मागची बाजू. ज्या कागदाचं एकदा काम होऊन गेलंय त्यावर लिहिताना हात मोकळा सुटतो, हे मी किती जणांना सांगितलंय आणि आधी हसलेल्यांनीही नंतर फोन करून सांगितलंय की हो, सुटतो.

आणि लिहिण्याची वेळ आणि तपासायची वेळ एक ठेवू नका. पहिलं वाक्य लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, ऱ्हस्व-दीर्घ बघितलं, शब्दकोश उघडला, अर्धा तास गेला, हाती एक ओळ, तीही नापसंत. पंचवीस मिनिटांचा टायमर लावायची एक पद्धत आहे, पोमोडोरो म्हणतात, फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन माणसाने कॉलेजात असताना टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवरून तिला हे नाव दिलं. माझा नियम असा की त्या पंचवीस मिनिटांत खोडायचं नाही, मागे वाचायचं नाही, शब्द आठवला नाही तर फुली मारायची आणि पुढे जायचं. तपासणी संध्याकाळी, जमलं तर दुसऱ्या जागी बसून.

भीतीचंही बोलायला हवं. आपल्याकडे पुष्कळांचं लिहिणं कल्पना नसल्यामुळे नाही तर काकूने वाचलं तर काय, ह्यामुळे अडलेलं असतं. काकू स्वतःला ओळखेल, आई दुखावेल, सासरी चर्चा होईल. ही भीती खोटी नाही आणि तिला हसण्यात अर्थ नाही. फक्त निर्णय दोन करा. लिहायचं की नाही हा आजचा, छापायचं की नाही हा सहा महिन्यांनंतरचा. आज पूर्ण, खऱ्या नावांनिशी लिहून काढा. नंतर गाव बदलता येतं, नातं बदलता येतं, काकूची आत्या होते, आणि नाहीच पटलं तर कागद तुमच्याच कपाटात असतो.

चालण्याबद्दल सगळेच सांगतात, मी फक्त एक बारीक गोष्ट सांगते जी सहसा सांगितली जात नाही. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांचा अभ्यास आला, त्यात बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना बऱ्याच जास्त सुचल्या, सरासरी ६० टक्क्यांच्या आसपास. पण ज्या कोड्याला एकच नेमकं उत्तर असतं तिथे चालण्याचा उपयोग झाला नाही, उलट कामगिरी किंचित खालीच आली. म्हणजे पुढे काय घडेल हे शोधायचं असेल तर वेताळ टेकडीवर जा, तळजाईला जा, आणि नेमका शब्द निवडायचा असेल तर खुर्चीत बसा. आणखी एक, त्यात बंद खोलीत ट्रेडमिलवर, समोर कोरी भिंत ठेवून चालणाऱ्यांनाही फायदा झाला होता, त्यामुळे पाऊस असेल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारल्या तरी चालतं. परत आल्यावर लगेच लिहायला बसा, कारण त्याचा परिणाम थोडा वेळ टिकतो.

आटलं असेल तर

२०२२ मध्ये मी एका एजन्सीसाठी दिवसाला बारा-बारा कॅप्शन लिहीत होते. पाडवा, अक्षय्य तृतीया, श्रावण, दसरा, प्रत्येक सणाला सोनं, साड्या आणि फ्लॅट. रात्री अकराला मेसेज यायचा, "थोडं इमोशनल करा." मी करायचे. त्यात बाबांची पंचाहत्तरी आली. भाऊ म्हणाला निमंत्रणाच्या दोन ओळी तू लिही, घरातली लेखिका आहेस. मी बसले आणि जे येत होतं ते सगळं जाहिरातीसारखं, "सोनेरी क्षण", "आयुष्याचा सुगंधी प्रवास". माझ्या बाबांबद्दल, ज्यांनी मला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत नेलं त्यांच्याबद्दल, माझ्याकडे माझा एक शब्द नव्हता. शेवटी भावानेच लिहिलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि मग कितीतरी दिवस काहीच लिहिलं नाही.

बर्नआउट हा शब्द १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाच्या लेखाने रूढ केला, न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात काम करणाऱ्यांवरून. तिथले लोक कामचुकार नव्हते, सगळ्यात जास्त जीव ओतणारे होते, आणि तेच आधी गळाले. हे मला कुणीतरी वेळेवर सांगितलं असतं तर बरं झालं असतं, कारण आपल्याला वाटतं आपणच कमी पडलो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउट घेतलं, पण आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. खुणा तीन: शक्ती संपणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. कामातून आलेली गोष्ट आहे, त्यामुळे काम होतं तसंच ठेवून फक्त शनिवारी मसाज करून ती जाणार नाही. काहीतरी कमी करावं लागतं.

नोकरी सोडा असं मी म्हणणार नाही, ईएमआय सगळ्यांना आहेत. मी एवढंच केलं की एक क्लायंट सोडला, सर्वात कमी पैसे आणि सर्वात जास्त मेसेज असलेला, आणि रात्री आठनंतर कामाचे मेसेज म्यूट. त्या वर्षी दोन दिवाळी अंकांना कथा कबूल केली होती, त्यांना फोन करून नाही म्हणाले. हा फोन लवकर करा, गणपतीच्या आधी. संपादकाला जुलैत आलेला नकार चालतो, त्याला दुसरा लेखक शोधायला वेळ असतो, सप्टेंबरच्या शेवटी "अजून चार दिवस द्या" म्हणणारा लेखक मात्र पुढच्या वर्षी आठवत नाही.

मग आड भरू द्या. म्हणजे लिहिण्यासाठी नाही, उगाच वाचा. लहानपणी आवडलेलं परत वाचा. ज्यात शब्द नाहीत असं हाताचं काही करा, मी वाल सोलायचे, कुंड्यांची माती बदलायचे. गाण्याला जाऊन बसा, आणि फोन काढू नका. हे फार महत्त्वाचं आहे, त्या दिवसांत टेकडीवरचा फोटो स्टेटसला टाकायचा नाही, कारण टाकला की त्याला कॅप्शन लागतं आणि आपण परत कामावर हजर.

पण दोन आठवडे झाले आणि लिहिणंच काय, खाणं, माणसं, कशातच मन नाही, झोप बिघडली, जगून काय करायचं असे विचार येतायत, तर हा लिहिण्याचा प्रश्न राहिलेला नाही. डॉक्टरकडे जा, घरच्या एकाला तरी सांगा, आणि १४४१६ वर फोन करा, ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालू, मोफत, मराठीतही बोलता येतं. वाट बघू नका, प्लीज.

परत सुरू करताना अर्धवट राहिलेल्या मोठ्या कामाला हात लावू नका, ती कादंबरी थांबेल. एका माणसाला पत्र लिहा. मी चार महिन्यांनी पहिल्यांदा पेन उचललं ते बाबांना पत्र लिहायला, लाइट बिलाच्या पाठीवर, दीड पान. सायकलचा दांडा, त्यावर गुंडाळलेला टॉवेल, शाळेच्या चढावर ते उतरून सायकल हातात धरून चालायचे आणि मला मात्र बसूनच राहा म्हणायचे, एवढंच. सुंदर बिंदर काही नव्हतं. बाबांनी ते पासबुकच्या प्लॅस्टिक पाकिटात ठेवलंय.

त्यानंतर रोज दहा मिनिटं, जास्त नाही, हुरूप आला तरी पहिले पंधरा दिवस जास्त नाही. आणि उठताना वाक्य पूर्ण करू नका. पुढचे शब्द माहीत असताना मध्येच सोडा, अगदी "तिने पातेलं उचललं आणि" इथे पेन ठेवून द्या, कागद टेबलावरच राहू दे. सकाळी चहाचा कप घेऊन तिथून गेलात की ते वाक्य पुरं करायला तुम्ही उभ्याउभ्याच वाकता, आणि कप ठेवायला जागा शोधता शोधता खुर्चीत बसलेले असता.