कुयरी फ्रीजरमध्ये ठेवायची तर आधी तिचं पाणी काढा

शिमगा सरता सरता फणसाच्या बुंध्याला कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, लगडतात आणि आमच्या दापोलीकडे दिवसाआड तीच भाजी होते. चैत्र संपेतो घरातली माणसं कंटाळतात. गणपतीत पाहुणे मात्र हमखास तीच मागतात आणि तेव्हा झाडावर काही नसतं. म्हणून मी दरवर्षी आठ-दहा पाकिटं करून ठेवते.

कुयरी कोवळीच हवी. आठळीचं साल टणक झालं असेल तर ती या कामाची नाही. हाताला आणि विळीला खोबरेल चोळा, खाली वर्तमानपत्र पसरा, चीक कागदाने पुसत चला. पाणी लावलंत तर चीक आणखी चिकटतो. हिरवं साल पुरतं जाईपर्यंत जाड सोला, दोन-दोन इंचाच्या फोडी करा आणि काळ्या पडू नयेत म्हणून ताकाच्या पाण्यात टाका.

“कच्चीच ठेवा, ताजी राहते,” असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. थंडीने आतली खराबी मंदावते, थांबत नाही. ती थांबते उष्णतेने. न वाफवलेल्या फोडी दोन महिन्यांत तपकिरी होतात आणि त्यांना वास लागतो.

दुसरा सल्ला त्याहून जास्त नुकसान करणारा आहे: “कुकरला उकडा, डब्यात भरा, झालं.” मी सलग दोन वर्षं असंच केलं. श्रावणात डबा उघडला तर झाकणाला आतून बर्फाचा पापुद्रा, आणि कढईत टाकल्यावर वाटीभर पाणी. ते आटेपर्यंत कुयरीचा लगदा झाला होता. दोन्ही वर्षांची भाजी गायीपुढे गेली. चूक फ्रीजरची नव्हती. कुयरी पाणी पिऊन आत गेली होती आणि वरून मी ती कोमट असतानाच झाकली होती.

म्हणून पाण्यात उकडूच नका. मोदकपात्रात चाळणीवर फोडी पसरून वाफवा. पंधरा मिनिटांनी सुरी टोचून बघा. ती सहज आत जायला हवी, पण फोड उचलताना मोडता कामा नये. पुढे फोडणीत ती पुन्हा शिजणारच आहे, तेव्हा इथे थोडी कमी शिजलेली चालते, जास्त शिजलेली अजिबात नाही. मीठ घालू नका, मिठाने पाणी सुटतं. नारळही नको, तो आयत्या वेळी ताजाच खवावा.

आता खरं काम. फोडी सुती पंचावर एकेक सुट्या पसरा आणि पंख्याखाली पूर्ण गार होऊ द्या. तासभर तरी लागतो आणि या तासात घाई केलीत तर मागची सगळी मेहनत फुकट. गार झाल्या की पाट्यावर वरवंट्याने हलकेच ठेचा, वाटू नका. धागे सुटे झाले की पुरे. मग मूठ-मूठ घेऊन पिळा. पहिल्या मुठीतून पाण्याची धार लागते, ती बघून इतकं पाणी कुठे होतं असं वाटतं. बोटांच्या फटीतून थेंब यायचा थांबला आणि मूठ उघडल्यावर गोळा आपोआप भुसभुशीत सुटला की झालं. गोळा चिकटून राहिला तर अजून ओलावा आहे, पुन्हा पंचावर पसरा.

एका भाजीला पुरेल एवढी, म्हणजे साधारण पाव किलो, पिशवीत भरून तळहाताने सपाट करा. हवा काढा, तारीख लिहा. पहिली रात्र स्टीलच्या ताटात एकेक पिशवी आडवी ठेवा, एकावर एक नको. पातळ थर झटकन गोठतो. जाड गोळा सावकाश गोठतो, त्यात बर्फाचे मोठे खडे होतात आणि ते धागे फाडतात. फ्रीजर उणे १८ अंशांवर असला की सहा-आठ महिने काळजी नाही.

काळजी विजेची. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे इतके दिवस अंधार होता की फ्रीजरमधलं सगळं पुरावं लागलं. एरवीच्या पावसाळी खंडितपणात दार उघडायचं नाही. गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४. वितळून कोमट झालेली पाकिटं पुन्हा गोठवू नका.

करायच्या दिवशी पाकीट बाहेर काढून ठेवायची गरज नाही. मोहरी, हिंग, हळद, सुक्या मिरच्यांच्या फोडणीत भिजवून शिजवलेले वाल परता आणि कुयरी गोठलेलीच मोडून टाका. पहिली पाच मिनिटं झाकण नको. मग मीठ, बोटभर गूळ, मूठभर ओलं खोबरं. उतरवल्यावर वरून लसणीची चरचरीत फोडणी द्या, नैवेद्याची असेल तेवढी मात्र लसणीवाचून.