पुढे एनजिनएक्स असताना ॲपला एचटीटीपीएस कसं ओळखायला लावायचं

ब्राउजरमध्ये कुलूप दिसतंय, सर्टिफिकेट नीट आहे, आणि तरी ॲपने पाठवलेल्या पासवर्ड रीसेटच्या मेलमधली लिंक एचटीटीपीची निघते. किंवा ॲपमध्ये "एचटीटीपीएस नसेल तर तिकडे रिडायरेक्ट कर" हे चालू केलं की पेज गोल गोल फिरत राहतं आणि क्रोम शेवटी टू मेनी रिडायरेक्ट्स म्हणून हात टेकतो. दोन्हीचं मूळ एकच. एन्क्रिप्शन पुढच्या सर्व्हरवरच, म्हणजे ॲपच्या आधी रिक्वेस्ट घेऊन ती आत पाठवणाऱ्या प्रॉक्सीवर (इथे एनजिनएक्स), उलगडतं आणि तिथून आत ॲपकडे, म्हणजे ८००० नाहीतर ३००० पोर्टवर, साधं एचटीटीपी येतं. ॲपला जे दिसतं तेच ते सांगतंय. म्हणून ॲपमध्ये पोर्ट ४४३ आहे का बघणं वगैरे करत बसू नका, ॲपला हे स्वतःहून कळूच शकत नाही, पुढच्याने सांगावं लागतं.

तर आधी एनजिनएक्स. प्रॉक्सी सेट हेडर या डायरेक्टिव्हने एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे हेडर (रिक्वेस्टसोबत जाणारी माहितीची ओळ) पाठवायचं आणि त्याची व्हॅल्यू म्हणून स्कीम हे व्हेरिएबल, म्हणजे कनेक्शन एचटीटीपी की एचटीटीपीएस ते, द्यायचं, एवढंच. होस्ट हेडरही सोबत पाठवा, नाहीतर लिंकमध्ये डोमेनच चुकीचं येतं. पण इथे एक गोष्ट आहे जिने माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली होती: मी ही हेडर्स वर सर्व्हर ब्लॉकमध्ये लिहिली होती आणि खाली एका लोकेशन ब्लॉकमध्ये वेबसॉकेटसाठी फक्त अपग्रेडचं हेडर टाकलं होतं, आणि त्याच लोकेशनवर एचटीटीपीएस ओळखलं जाईना, बाकी सगळीकडे मस्त चालू. कारण आतल्या ब्लॉकमध्ये प्रॉक्सी सेट हेडरची एक जरी ओळ असली तरी वरच्या सगळ्या ओळी तिथे लागू होत नाहीत. तेव्हापासून मी सगळी हेडर्स एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो आणि प्रत्येक लोकेशनमध्ये ती इन्क्लूड करतो.

मग ॲपला सांगायचं की या हेडरवर विश्वास ठेव. हे ज्या फ्रेमवर्कवर ॲप बांधलंय त्याच्या सेटिंगमध्ये होतं. जँगोमध्ये सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर ही सेटिंग आहे, एक्सप्रेसमध्ये ट्रस्ट प्रॉक्सीला १ द्यायचा, लारावेलमध्ये ट्रस्ट प्रॉक्सीज मिडलवेअर. एक्सप्रेसवाल्यांनी हे विसरलं तर लॉगिन टिकतच नाही, कारण सेशन कुकी सिक्युअर, म्हणजे फक्त एचटीटीपीएसवरच पाठवायची, अशी ठेवलेली असते आणि कनेक्शन साधं वाटल्यामुळे एक्सप्रेस-सेशन ती कुकी पाठवतच नाही, एररसुद्धा येत नाही, युजर परत लॉगिन पेजवर. जँगो ४.० पासून वेगळं लक्षण दिसतं, फॉर्म सबमिट केला की ४०३ आणि खाली ओरिजिन चेकिंग फेल्ड. त्यावर बरेच जण आपलं डोमेन सीएसआरएफच्या (दुसऱ्या साइटवरून येणारे खोटे फॉर्म अडवणाऱ्या तपासणीच्या) ट्रस्टेड यादीत टाकून मोकळे होतात. फॉर्म चालतो हो, पण ॲपला अजूनही कनेक्शन साधंच वाटत असतं आणि मेलमधल्या लिंका तशाच चुकत राहतात.

डॉकर वापरत असाल तर अजून एक अडचण. गनिकॉर्न आणि युव्हिकॉर्न हे पायथन ॲप चालवणारे सर्व्हर ही हेडर्स डीफॉल्टने फक्त त्याच मशीनवरून, म्हणजे १२७.०.०.१ सारख्या लोकल पत्त्यावरून, आली तरच मानतात, आणि एनजिनएक्स दुसऱ्या कंटेनरमध्ये असेल तर त्याचा आयपी वेगळा, मग हेडर येऊनही दुर्लक्ष होतं. फॉरवर्डेड अलाऊ आयपीज मध्ये त्या प्रॉक्सीचा आयपी द्या. घाईत तिथे स्टार, म्हणजे सगळेच आयपी चालतील असं, टाकायचा मोह होतो, पण तो टाकायचा तर ॲपपर्यंत प्रॉक्सीशिवाय कोणीच पोहोचत नाही याची खात्री हवीच.

हे मी जरा जोर देऊन सांगतोय कारण हेडर कोणीही लिहू शकतं, कर्ल या कमांडमध्ये एक ओळ की झालं. ॲप थेट इंटरनेटवर उघडं असेल तर साध्या कनेक्शनवरून आलेला माणूस "मी एचटीटीपीएसवरून आलो" म्हणेल आणि ॲप मान डोलवेल. त्यामुळे ॲप १२७.०.०.१ वरच बांधा. डॉकरमध्ये नुसतं ८०००:८००० लिहिलं की पोर्ट सगळ्या इंटरफेसवर उघडतं आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये बंद केलेलं असलं तरी बाहेरून लागतं, तिथेही पुढे १२७.०.०.१ लिहायचं.

दोन प्रॉक्सी असतील, म्हणजे आधी लोड बॅलन्सर आणि मग एनजिनएक्स, तर गोष्ट उलटते. एचटीटीपीएस बॅलन्सरवरच संपतं, एनजिनएक्सला एचटीटीपी येतं, आणि त्याचं स्कीम व्हेरिएबल बॅलन्सरने पाठवलेलं बरोबर उत्तर पुसून टाकतं. अशा वेळी एनजिनएक्सने आलेलं हेडर तसंच पुढे द्यायचं, मात्र एनजिनएक्सपर्यंत फक्त बॅलन्सरच पोहोचू शकत असेल तरच.

तपासायला ॲपमध्ये तात्पुरता एक रूट करा, त्यात फ्रेमवर्कला कनेक्शन सिक्युअर वाटतंय का आणि हेडरमध्ये नेमकं काय आलंय हे दोन्ही छापा. हेडर रिकामं असेल तर चूक एनजिनएक्समध्ये, हेडर बरोबर पण फ्रेमवर्क नाही म्हणतंय तर चूक ॲपच्या किंवा गनिकॉर्नच्या सेटिंगमध्ये. नंतर बाहेरच्या मशीनवरून थेट ८००० पोर्टवर कर्ल मारून बघा, कनेक्शन लागताच कामा नये. लागलं तर आधी ते पोर्ट बंद करा, मग तो तात्पुरता रूट काढून टाका.