नागपूरच्या उन्हाळ्यात लोच मासे कसे सांभाळावेत

लोच हा तळाशी राहणारा, रेती उकरणारा, कळपात रमणारा मासा. जुलै ते मार्च त्याला सांभाळणं कुणालाही जमतं. कसोटी लागते ती एप्रिलपासून पहिला दमदार पाऊस येईपर्यंत, आणि या दिवसांसाठी मिळणारे सल्ले बहुतेक वेळा मासे मारणारेच असतात. म्हणून बाकीचं भराभर सांगतो आणि उन्हाळ्यापाशी थांबतो.

कोणता लोच घ्यावा

योयो लोच किंवा कुहली लोच. योयो मूळचा गंगेच्या खोऱ्यातला, काटक, 12 ते 15 सेंटिमीटरपर्यंत वाढणारा. कुहली आग्नेय आशियातला, बोटभर लांब, गोगलगाईसारखा शांत. दोन्ही किमान पाच-सहाच्या संख्येने घ्या, एकटा लोच दिवसभर दडूनच बसतो. क्लाउन लोचची पिल्लं देखणी दिसतात, पण सुमात्रा आणि बोर्नियोच्या नद्यांतला हा मासा 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि वीस-वीस वर्षं जगतो. चार फुटी टाकीत तो ठेवू नका. थंड, खळाळत्या ओढ्यात राहणारे हिलस्ट्रीम लोच तर नागपुरात आणूच नयेत. झेब्रा लोच हा आपल्या पश्चिम घाटातला मासा, आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या संकटग्रस्त यादीत आहे. दुकानात दिसला तर तो थेट नदीतून पकडलेला असू शकतो, तेव्हा त्याच्याही वाट्याला जाऊ नका.

टाकीत गोगलगायी फार झाल्यात म्हणून लोच आणा, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. गोगलगायी वाढतात त्या जास्तीच्या खाद्यामुळे. खाद्य कमी करा. दुकानात पोट आत गेलेला, पाठीची कड सुरीसारखी दिसणारा मासा असेल तर त्या टाकीतला एकही घेऊ नका.

टाकी आणि रेती

चार फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. भरल्यावर साधारण 160 लिटर पाणी मावतं. पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका. तळाला कन्हानची बारीक रेती चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुऊन घाला. मूठभर रेतीवर व्हिनेगर टाकून बघा, फसफसली तर ती नको, कारण तिच्यातला चुना पाणी जड करतो. टोकदार खडी कधीच नको. लोच मिशांनी रेती चाचपून खातो आणि खडीने त्या मिशा झिजतात. लपायला फुटक्या माठाची खापरं कडा घासून ठेवा, किंवा पाइपाचे तुकडे. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा, नाहीतर कुहली आत शिरतो. नळाचं पाणी क्लोरीनचं असतं, अँटी क्लोरीन घालूनच वापरा.

उन्हाळा

योयोला 24 ते 28 अंश मानवतात. मे महिन्यात बाहेर पारा 45 च्या पुढे जातो, वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी 36-37 अंश असतात आणि उपाय केला नाही तर टाकीतलं पाणी संध्याकाळपर्यंत तिथेच पोहोचतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम, 35 अंशांना 7 च्या खाली. त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढलेली असते. त्यात लोच राहतो तळाशी, जिथे प्राणवायू सर्वांत कमी पोहोचतो, आणि रात्री वनस्पतीही तोच वापरतात. म्हणून वरचे गप्पी मजेत पोहत असतात आणि पहाटे लोच मेलेला सापडतो. लोक म्हणतात, उन्हाने मेला. माझ्या मते अशा वेळी बहुतेक लोच गुदमरून मेलेले असतात.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला बर्फाचा: बाटली गोठवा आणि टाकीत सोडा. याचा हिशेब कुणी करत नाही. एक लिटरची गोठलेली बाटली पूर्ण वितळून टाकीइतकी कोमट होईपर्यंत 160 लिटर पाणी जेमतेम पाऊण अंशाने उतरवते. तेवढं दुपारी तासाभरात पुन्हा चढतं. हीच बाटली 30 लिटरच्या छोट्या टाकीत टाकली तर पाणी चार अंशांच्या आसपास खाली येतं आणि नंतर परत वर जातं. अशा चढउतारानेच माशाची ताकद खचते आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात. मोठ्या टाकीत बर्फ निरुपयोगी, लहान टाकीत घातक. नका करू.

त्याऐवजी पाण्याची वाफ होऊ द्या. एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं तर 160 लिटरची टाकी साडेतीन अंशांनी उतरवण्याइतकी उष्णता सोबत नेतं, म्हणजे त्या बर्फाच्या जवळजवळ पाचपट. आपल्याकडचा मे महिना कोरडा असतो. कूलर नागपुरात चालतो आणि मुंबईत चालत नाही, त्याचं कारण हेच. मार्चअखेरीस टाकीवरची काच काढा आणि चौकटीला ताणून बसवलेली डासांची जाळी ठेवा. चौकट काठाला घट्ट बसली पाहिजे, कुहली बोटाएवढ्या फटीतूनही बाहेर पडतो. मग छोटा टेबल फॅन असा ठेवा की वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून आडवा जाईल. सरळ खाली मारलेला वारा फारसा कामाचा नाही. पाणी हवेपेक्षा चार-पाच अंश खाली राहतं. खोलीत कूलर चालू असेल तर उत्तमच, फक्त खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर हवा दमट करतो आणि मग टाकीवरची वाफ थांबते.

वाफ होऊन शुद्ध पाणी जातं, क्षार टाकीतच राहतात. कमी झालेलं पाणी बोअरच्या पाण्याने भरत राहिलात तर जूनपर्यंत टाकीतलं पाणी फार जड होतं. रोजची भर आरओच्या पाण्याने घाला. आठवड्याचा पाणीबदल मात्र नळाच्याच पाण्याने करा, आणि तो सकाळी लवकर. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजण्याइतकं तापलेलं असतं, ते बादलीत घेऊन थेट ओतणारे लोक मी पाहिले आहेत. बादलीत थर्मामीटर बुडवा. फरक दोन अंशांपेक्षा जास्त असेल तर थांबा.

हवेचा दगड, म्हणजे हवेच्या पंपाच्या नळीच्या टोकाला लावायचा बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड, तळाला, मागच्या कोपऱ्यात ठेवा. बुडबुडे वर जाताना तळाचं पाणी वर ओढतात आणि प्राणवायू पृष्ठभागावर मिसळतो. फिल्टरचं तोंडही असं वळवा की पृष्ठभाग सतत हलत राहील. हवेचा पंप पाच वॅटसुद्धा खात नाही, त्यामुळे इन्व्हर्टरवर सर्वांत आधी तो घ्या, टीव्ही नंतर. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा किंवा नळीत उलटझडप बसवा, नाहीतर लाइट गेल्यावर पाणी नळीतून मागे येऊन पंपात शिरतं.

नवतपा, म्हणजे साधारण 25 मेपासूनचे नऊ दिवस, माझे नियम आणखी कडक असतात. टाकीचा दिवा दिवसा बंद आणि फक्त रात्री दोन तास चालू. खाद्य निम्मं, तेही दिवा मालवल्यावर, तळाशी बुडणारं. उरलेलं खाद्य सडताना प्राणवायूच खातं. नवे मासे आणायचे नाहीत, फिल्टरही संपूर्ण धुवायचा नाही. लोच वर येऊन हवेचा घोट घेत असेल तर लक्ष द्या. काही लोच आतड्यातूनही हवा वापरतात, त्यामुळे क्वचित एखादा घोट ठीक. सगळेच पुन्हा पुन्हा वर येत असतील तर दुसरा पंप लावा आणि चौथा हिस्सा पाणी बदला. योयो आडवा पडून राहिला तर मात्र घाबरू नका, श्वास संथ असेल तर तो विश्रांती घेतोय.

पाऊस लागला की हवा दमट होते आणि पंख्याचा उपयोग संपतो. तोपर्यंत गरजही उरत नाही. काच परत ठेवा.

पांढरे ठिपके आणि पकडणं

ठिपके दिसले तर तांब्याचं औषध वापरू नका. लोचचे खवले अगदी बारीक असतात आणि औषध त्याला लगेच बाधतं. पाणी हळूहळू, दोन दिवसांत 30 अंशांपर्यंत न्या, हवेचा पंप जोरात चालवा, आणि ठिपके गेल्यानंतरही आठवडाभर तसंच ठेवा. हिवाळ्यात रात्री पारा 10 च्या आसपास उतरतो तेव्हा हीटर 26 वर लावला तर ही वेळ सहसा येत नाही.

मासा हलवायचा असेल तर जाळं वापरू नका. लोचच्या डोळ्याखाली काटा असतो, घाबरला की तो उभारतो आणि जाळ्यात अडकतो. सोडवायच्या झटापटीत डोळा जातो. रुंद तोंडाची बरणी आडवी बुडवा, दुसऱ्या हाताने त्याला हलकेच आत वळवा आणि बरणी उभी करून वर काढा.