नेते आणि सेलिब्रिटींच्या अफवा वर्षानुवर्षं का टिकतात? फॉरवर्ड करणाऱ्यांनो, या चुका टाळा

२२ एप्रिल २०२१ च्या रात्री लोकसभेच्या माजी अध्यक्षा सुमित्राताई महाजन गेल्या अशी अफवा पसरली तेव्हा ताई इथेच इंदूरमध्ये होत्या आणि व्यवस्थित होत्या. काँग्रेसचे शशी थरूर यांनी श्रद्धांजलीचं ट्वीट टाकलं, काही चॅनेलांनी बातमी चालवली, मग भाजपचे कैलाश विजयवर्गीय यांनी ताई अगदी बऱ्या आहेत म्हणून सांगितलं आणि थरूरांनी ट्वीट डिलीट करून माफी मागितली. दिवस कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे होते, रोज कुणाची ना कुणाची बातमी येत होती, त्यामुळे ही पण लोकांना लगेच खरी वाटली. ज्याने ट्वीट टाकलं त्याने निदान ते मागे घेतलं, पण ज्यांनी तीच बातमी हार घातलेल्या फोटोसकट नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, शाळेच्या ग्रुपवर टाकली त्यातल्या कितींनी परत येऊन लिहिलं की अहो, ते खोटं होतं?

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, गुपचूप डिलीट करणं. डिलीट फॉर एव्हरीवन केलं की मेसेज फक्त त्या ग्रुपमधून जातो, आपल्याकडून घेऊन काकांनी पुण्याला आणि मावशीने बडोद्याला पाठवलेला तसाच राहतो, आणि ज्यांनी वाचला त्यांच्या डोक्यात तर राहतोच. म्हणून जिथे जिथे टाकलं तिथे तिथे स्पष्ट लिहा, आणि सुरुवात खऱ्या गोष्टीने करा: "ताई सुखरूप आहेत, तसा खुलासा आलाय. मी मघाशी पाठवलेलं चुकीचं होतं, पुढे कुणाला पाठवलं असेल तर त्यांना पण कळवा." त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जिवंत माणसाच्या घरी सांत्वनाचे फोन जातात तेव्हा त्या घरच्यांचं काय होत असेल हे बघा ना.

खुलासा करताना पण एक गडबड होते, लोक तीच खोटी पोस्ट परत चिकटवतात आणि वर लिहितात "हे खरं आहे का?" किंवा "फेक आहे". घाईत वाचणारा फोटो आणि मोठ्या अक्षरातली ओळच बघतो. हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या संशोधकांनी १९७७ मध्येच दाखवलं होतं की तेच विधान परत परत समोर आलं की ते जास्त खरं वाटायला लागतं. म्हणून खोटी इमेज परत टाकूच नका, खरं काय ते लिहा.

"मोठ्या माणसाने टाकलंय" किंवा "ब्लू टिक आहे" हा पुरावा नाही, ट्विटरवर (आता एक्स) ब्लू टिक पैसे देऊन मिळते. अधिकृत अकाउंट पण एकटं पुरत नाही. २ फेब्रुवारी २०२४ ला अभिनेत्री पूनम पांडेच्या स्वतःच्या इन्स्टाग्रामवर तिच्या निधनाची पोस्ट आली आणि दुसऱ्याच दिवशी ती व्हिडिओत जिवंत समोर! घरचे, हॉस्पिटल आणि एखादी नीट वृत्तसंस्था, यातलं निदान दोन ठिकाणी तेच दिसू द्या, तोवर श्रद्धांजली थांबली तर काही बिघडत नाही.

व्हिडिओचं तर फार वाईट होतं. लतादीदी आपल्या इंदूरच्या, १९२९ चा जन्म इथला. ६ फेब्रुवारी २०२२ ला शिवाजी पार्कवर त्यांच्या अंत्यदर्शनाला शाहरुख खान आला, त्याने हात पसरून दुआ मागितली, मास्क खाली केला आणि फुंकर घातली, जशी दुआ वाचल्यावर घालतात. लोकांनी तेवढाच तुकडा उचलला आणि तो थुंकला म्हणून फिरवला. दीदींच्या निरोपाच्या दिवशी असं व्हावं याचा मला अजून राग येतो. अशी क्लिप आली की आधीची आणि नंतरची मिनिटं शोधा, एक फ्रेम स्क्रीनशॉट करून गूगल लेन्सवर (फोटोवरून शोधणारं ॲप) टाका, आणि ती रीत माहीत असलेल्या माणसाला विचारा. ज्याच्या घरी दुआ वाचतात त्याने एका वाक्यात सांगितलं असतं.

नेत्यांची खोटी वाक्यं चॅनेलचा लोगो लावून फिरतात, तर त्या चॅनेलच्या साइटवर जाऊन तेच वाक्य सर्च करा. पीआयबी (केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय) फॅक्ट चेक केंद्र सरकारच्या बाबतीतलंच तपासतं, नट-नट्यांच्या लग्न-घटस्फोटासाठी तिथे जाऊन उपयोग नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाण दिसला तर मेसेज निदान पाच हात फिरून आलाय, पाठवणाऱ्यालाही तो कुठून निघाला माहीत नसतं.

आणि मोठ्यांना चार लोकांत ग्रुपवर टोकू नका. काका अडून बसतात आणि मग ती अफवा त्यांच्या मानाचा प्रश्न होते. वेगळा फोन करा, "काका, मला पण तो मेसेज आला होता, बघितलं तर खोटा निघाला, तुम्हीच ग्रुपवर सांगाल का? तुमचं सगळे ऐकतात." बहुतेक वेळा ते स्वतःच लिहितात.